टाकीतल्या अळ्या आणि पहिला घास

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, वसमतला खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. कापसावरची अळी कशी मारायची हे विचारायला आजूबाजूच्या गावांतली, तांड्यांवरची माणसं त्यांच्याकडे यायची. मालक डॉक्टरासारखे मान हलवत ऐकून घ्यायचे आणि मागच्या फळीवरून बाटली काढून द्यायचे. अळी मेली तर औषध भारी, नाही मेली तर शेतकऱ्यानं फवारणी चुकीची केली. असा बिनधोक धंदा. आणि या माणसाला जेरीला आणलं ते त्याच्याच घरातल्या, केसाएवढ्या बारीक अळ्यांनी.

दोन हजार सालाच्या आगेमागे कंपन्या दुकानदारांना माल खपवल्याबद्दल बक्षिसं द्यायच्या. कुणाला फ्रीज, कुणाला बँकॉकची सहल. मालकांनी बँकॉकसाठी सफारीचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. प्रत्यक्षात आली माशांची काचेची टाकी. दोन दिवस त्यांनी खोकंसुद्धा उघडलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की घरात मासे असले की लक्ष्मी येते. झालं, टाकी एकदम मोठ्या मानाची झाली. दुकान पुढे, घर मागे आणि मधे एक खोली, जिथे गिऱ्हाईक चहाला बसायचं आणि घरातली माणसं जेवायची. टाकी तिथेच मांडली, म्हणजे लक्ष्मीला दोन्हीकडे जायला सोपं.

त्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना मी मामा म्हणायचे, मालक दादा म्हणायचे. जन्म सगळा पुसेगावच्या शेतात गेलेला. थोरल्या दिरांनी ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकून टाकली. बैल दारातून गेले त्याच आठवड्यात मामा पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले, चार दिवस राहतो म्हणाले. ते चार दिवस कुणी मोजले नाहीत. पण घरात त्यांना काम नव्हतं. दुकानात बसले तर गिऱ्हाइकाला खरं सांगायचे, म्हणून मालकांनी त्यांना तिथून उठवलं होतं.

टाकी आली आणि मामांना काम मिळालं. मालक नांदेडहून मासे, रंगीत खडे आणि पाण्यात वाढणारी लांब पात्याची झाडं घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं होतं की झाडं खड्यांत खोचून द्या. मामांना हे पटेना. खत नाही, माती नाही, नुसत्या गोट्यांत झाड जगेल कसं? मालक दुकानात असताना त्यांनी खाली काळी माती पसरली, त्यावर चाळलेलं जुनं शेणखत, वरून खडे आणि मग झाडं लावली. हिंगोली जिल्ह्यात माशांच्या टाकीला शेणखत घालणारा हा पहिलाच माणूस असावा. झाडं अशी तरारली की मालक येईल त्याला हाताला धरून दाखवायला लागले. आपण नांदेडहून निवडून आणलेली जात आहे, असं सांगायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि तंबाखू मळायचे.

मग एक दिवस काचेवर पांढरे दोरे वळवळताना दिसले. आधी मला वाटलं काच चिरली. जवळ जाऊन बघते तर चिरा चालत होत्या. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडायचा आणि अळ्या श्वास घ्यायला काचेवरून वर चढायच्या. आणि लाईट तर त्या काळी जायच्या बोलीवरच यायची. म्हणजे दिवसातून दोनदा तरी आमच्याकडे अळ्यांचा मेळा भरायचा.

नेमके फवारणीचे दिवस. तांड्यावरचा एक नेहमीचा शेतकरी चहा पिता पिता टाकीकडे बराच वेळ बघत बसला. मग कप खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरातली अळी तुमच्यानं मरंना, मंग आमच्या पऱ्हाटीतली काहून मरल?" आणि बाटली न घेता उठून गेला. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला हसू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

तिथून पुढे घरात युद्ध सुरू झालं. मालकांनी पहिल्यांदा दुकानातलंच औषध काढलं. मासे मरतील म्हणून मी टाकीपुढे उभी राहिले. तेव्हा त्यांनी प्रयोग म्हणून बादलीत पाणी घेतलं, त्यात थोड्या अळ्या आणि एक मासा सोडला आणि औषधाचे थेंब टाकले. चहा होईपर्यंत अळ्या मेल्या, मासाही मेला. औषध अस्सल असल्याची खात्री तेवढी पटली.

मग शेजारचे हळदीचे आडते आले. वसमतला हळद हे काही नुसतं पीक नाही. खोकल्याला हळद, जखमेला हळद, आणि भावकीच्या भांडणावर औषध विचारलं असतं तरी त्यांनी हळदच सांगितली असती. चिमूटभर टाका म्हणाले. मालकांची चिमूट मोठी. पाणी असं पिवळं झालं की मासे दिसेनात, झाडं दिसेनात आणि अर्थातच अळ्याही दिसेनात. मालकांनी विजय जाहीर केला. पाणी बदललं तेव्हा अळ्या होत्या तिथेच होत्या, हळद लागलेल्या नवरदेवासारख्या उजळून.

मामांना या सगळ्याचा अर्थ लागत नव्हता. त्यांच्या मते मातीत किडा दिसणं ही चांगली खूण होती. "माती जित्ती हाय म्हणायची," एवढंच ते म्हणाले. मालक त्या वर्षी दुकानात गांडूळखताची पोती विकत होते आणि शेतकऱ्यांना गांडुळाचे उपकार तास तास समजावून सांगत होते. पुढे दुकानात गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आणि मधल्या खोलीत त्याचाच भाऊबंद वैरी. हे मी बोलून दाखवलं तर मला त्यातलं काही कळत नाही असं ठरलं.

शेवटी मालक बरणीत पाणी आणि अळ्या घेऊन एसटीनं नांदेडला गेले. बरणी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कंडक्टरनं काय काय विचारलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माशांच्या दुकानदारानं बरणीकडे धड बघितलंही नाही म्हणे. या अळ्या कुणाला चावत नाहीत, माशांना काही करत नाहीत, खाली पडलेलं उरलंसुरलं खाऊन जगतात. पाणी घाण झालं तर मात्र मासे मरतील. खायला कमी घाला, अळ्या आपोआप कमी होतील. एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खायला कोण घालतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुसेगावला असताना मामा बैलाला भाकरीचा तुकडा दिल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. ताट वाढलं की आधी गोठ्यात जायचे, मग जेवायला बसायचे. आपल्या हाताखाली राबणारा जीव उपाशी असताना आपण जेवायचं नाही, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. आमच्या घरात बैल कुठला? मामांनी बैलाच्या जागी मासे धरले. ताट घेऊन टाकीजवळ बसायचे, ज्वारीच्या भाकरीचा पहिला तुकडा बोटांनी चुरायचे, पाण्यात सोडायचे आणि मग खायला लागायचे. बैलाच्या मापाचा घास गप्पी माशांना. निम्मा खाली बसायचा, त्यावर अळ्यांचं गोकुळ नांदायचं.

मालकांनी टाकीच्या झाकणाला दुकानातलं छोटं कुलूप लावलं. मामांना त्यांनी गिऱ्हाइकाला समजावतात तसं समजावलं, की तुमच्या भाकरीनं पाणी नासतंय आणि मासे मरतील. मला वाटलं मामा वाद घालतील. ते म्हणाले, "बराबर हाय. पाण्यातल्या जिवाचं आमाला काय कळतंय." त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ताट वाढलं. मामांनी भाकरी मोडली, तुकडा हातात धरला आणि इकडे तिकडे बघितलं. मग तो ताटाच्या कडेला ठेवला, वरणाचे दोन घोट घेतले आणि भूक नाही म्हणून उठले. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. कडेला ठेवलेला तुकडा तसाच परत यायचा आणि त्याच्यासोबत उरलेली भाकरीही. मालकांनी निदान केलं, पित्त. एक पाचक चूर्ण आणलं, मग एक टॉनिक आणलं. बाटली काढून देण्याचा हात बसलेला होता ना. टाकीतल्या अळ्या खरंच कमी व्हायला लागल्या होत्या आणि मालक रोज सकाळी चष्मा लावून त्या कमी झालेल्या बघायचे. ताटात किती उरलं हे बघायला त्यांना चष्मा सापडत नव्हता. मामांच्या अंगातला सदरा ढगळ दिसायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी दुकानात गेले. दोन गिऱ्हाईकं बसलेली होती, त्यांच्यादेखत मी म्हणाले, "अळ्या कमी झाल्या, तुमचे दादाबी कमी होऊन राहिले. दोनीतलं कोन पायजे ते सांगा."

लग्न झाल्यापासून मी त्यांना चारचौघांत असं कधी बोलले नव्हते. गिऱ्हाईकं चपला शोधायला लागली. मालकांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

मी मामांच्या समोर कुलूप काढलं, झाकण उघडलं, टाकीजवळ त्यांचं ताट मांडलं आणि तव्यावरची भाकरी आणून वाढली. आता घाला म्हटलं, कुणी काही म्हणणार नाही. मामांनी तुकडा मोडला, पाण्यावर धरला आणि हात मागे घेतला. "न्हाई माय," ते म्हणाले, "आपल्या घासानं जीव जाईल म्हणतेत. तसा घास काय कामाचा." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. कुलूप काढणं सोपं होतं. मालकांनी मामांच्या मनाला लावलेलं कुलूप माझ्या किल्लीनं निघत नव्हतं.

तुकडा हातात तसाच. मामांनी पुन्हा इकडे तिकडे बघितलं. या वेळी त्यांची नजर माझ्यावर थांबली. हाताला पीठ, कपाळाला घाम, आत तवा तापलेला.

"तू जेवली का?"

मी म्हणाले, मी मागून जेवते.

"मागून म्हंजे कवा?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मामा, मग मालक, मग मुलं, मग दुकानात आलेलं कुणी, मग भांडी, असं सगळं आवरल्यावर जे असेल ते मागून.

"बस हितं," मामा म्हणाले. "तू खा दोन घास. मंग मी खातो."

मालक जेवायला आत आले होते, ते उंबऱ्यातच थांबले. सासऱ्यांच्या पुढ्यात, त्यांच्या आधी सून जेवते हे आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी नको म्हणून बघितलं. पण मामा तुकडा पुढे करून बसून राहिले, आणि तो घेतल्याशिवाय ते जेवणार नाहीत हे मला इतक्या दिवसांत चांगलंच कळलं होतं. मी बसले. पहिला मान बैलाचा, दुसरा माशांचा, तिसरा माझा. नंबर उशिरा लागला, पण लागला. मी दोन घास खाल्ले, मग मामांनी भाकरी मोडली आणि एकेक करत पूर्ण संपवली, दुसरी मागितली.

लेकरं शाळेत जायला लागली होती तेव्हाची ही गोष्ट. रोज भाकऱ्या थापत होते मी त्या घरात. आपण थापलेली भाकरी गरम असताना कशी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.