फळीखालचा अणू

अंबरनाथला मोरिवलीच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे. अणूचा धडा आला की पुस्तक मिटून मी गोष्ट सांगायचे. आधी लोकांना वाटलं, अणू म्हणजे न फुटणारी टणक गोळी. मग एकजण म्हणाला, नाही, तो कलिंगडासारखा आहे; गरात बिया असतात तसे त्यात इलेक्ट्रॉन. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या दुसऱ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडायला लावले. बहुतेक आरपार गेले, पण काही चक्क उलटे फिरले. म्हणजे मधोमध काहीतरी अगदी छोटं आणि घट्ट होतं. गुरूचं कलिंगड शिष्याने मोडलं. मग त्या शिष्याच्या शिष्याने इलेक्ट्रॉनना ठरावीक कक्षा आखून दिल्या, आणि पुढच्यांनी त्याही पुसून तिथे धूसर ढग ठेवला.

"मंग पुस्तकातलं चित्र खोटं हाय का?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं.

"खोटं नाही. अपुरं आहे."

"मंग तसं लिहायचं ना खाली."

वर्ग हसला. ही मुलगी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. आईवडील पावसाळ्यात भात लावायचे आणि एरवी बदलापुरात नव्या इमारतींवर बिगारी काम करायचे, म्हणून ती सगळी तिथेच खोली करून राहत होती. शुद्धलेखन भयंकर, उलट उत्तर तयार. अर्धी स्टाफरूम तिच्यावर वैतागलेली असायची. मला मात्र ती आवडायची, कारण समजलं नाही तर ती मान डोलवत नसे.

त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात तिने भाग घ्यायचा ठरवला. मी तिला एक युक्ती सांगितली. खाली कुठलीतरी वस्तू चिकटवायची, तिच्यावर प्लायवूडची फळी चार ठोकळ्यांवर टेकवायची, की वस्तू दिसत नाही. मग चारी बाजूंनी गोट्या सोडायच्या. गोटी कुठून गेली, कुठून बाहेर आली, त्या रेघा फळीवरच्या कागदावर काढायच्या. हळूहळू आतल्या वस्तूचा आकार कळतो. अणूच्या आत काय आहे तेही असंच कळलं, न बघता.

बाकी सगळं तिने केलं. आईच्या कामावरून कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा आणला. तो कुणालाच, मलाही, दाखवला नाही. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या फरशीवर बसून पोरं गोट्या सोडायची आणि भांडायची. "चौकोन आहे!" "बे, चौकोन असता तर ही सरळ परत आली असती ना!" इतकी वर्षं शिकवलं, पण सोन्याच्या पत्र्यावाल्या त्या रुदरफोर्डसारखा विचार करताना मुलं मी तेवढीच पाहिली.

तिच्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाचं मॉडेल होतं. त्याच्या वडिलांनी ते उल्हासनगरच्या बाजारातून आणलं होतं. तिथे ज्वालामुखी, हृदय, अणू, सगळं तयार मिळतं, माहितीचा बोर्डही छापून. मोटरवर रंगीत दिवे गोल फिरत होते. पाटीवर कार्बन लिहिलेलं, इलेक्ट्रॉन आठ. मी मुलाला म्हटलं, "कार्बनला सहा असतात रे." तो म्हणाला, "मॅडम, दुकानवाल्याने असंच दिलं."

परीक्षक म्हणून एका केमिकल कंपनीतले मोठे साहेब आले होते. बरोबर शाळेचे ट्रस्टी आणि मुख्याध्यापिका. फिरणाऱ्या दिव्यांपाशी साहेब बराच वेळ थांबले, फोटो निघाले. मग ते तिच्या टेबलापाशी आले.

"यात अणू कुठे आहे?"

"दिसत नाय सर. गोट्या सोडा, मंग कळेल."

"पण आहे काय खाली?"

"तेच तुम्ही वळखायचं."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि दोन्ही हातांनी फळी उचलून बाजूला ठेवली. "अरे, हा तर कडप्प्याचा तुकडा!" ट्रस्टी हसले, मुख्याध्यापिका हसल्या, रांगेतली मुलंही हसली. एवढ्यात मंडळी पुढच्या टेबलाकडे गेलीसुद्धा.

मुलगी रडली नाही. मला म्हणाली, "उचलायची नाय म्हणून सांगितलं नव्हतं ना मी. माझीच चूक." ते मला तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

निकालाआधी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. विकत आणलेलं मॉडेल चुकीचं आहे, हे मी साहेबांसमोरच सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, शेवटी प्रेझेंटेशनला पण मार्क असतात." पहिलं बक्षीस दिव्यांना गेलं. तिला सहभागाचं प्रमाणपत्रही मिळालं नाही, कारण छापलेली संपली होती.

जूनमध्ये माझं विज्ञान काढून घेतलं आणि मला पाचवीचं मराठी दिलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं मराठी छान आहे."

ज्या गुरूचं कलिंगड मोडलं, त्याने शिष्याला बाहेर काढलं असं मी कुठे वाचलेलं नाही. हा भाग मी वर्गात कधी मुद्दाम सांगितला नव्हता. तो इतका साधा वाटायचा की सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच सुचलं नाही.

ती मुलगी दहावी झाली, कॉमर्सला गेली, बारावीनंतर एमआयडीसीत पॅकिंगला लागली. परवा बदलापूरच्या भाजीबाजारात दिसली. कंपनीचा निळा टी-शर्ट, कानात हेडफोन. मला बघून तिने ते काढले.

"सायन्स का नाही घेतलंस गं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कशाला मॅडम?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच कशाला, असं ती मला विचारत होती.

मग तिने वांग्यांचा भाव विचारला, जास्त वाटला, आणि ती पुढच्या हातगाडीकडे गेली.