कमलच्या पापणीचा चिमटा

एखादी चांगली वस्तू घरात जपायची ठरवली, की वस्तू राहते बाजूला, किस्सेच जास्त जमतात. आमच्याकडे तसा एक चिमटा आहे, बोटभर लांबीचा. चुलीवरचा नव्हे! पापणीचे केस उपटायचा.

कमलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पापण्या आत वळल्या आहेत. केस बुबुळाला घासतात. घासून घासून डाव्या डोळ्यात फूल पडलं, तो गेला. उरला उजवा. त्याचं एकदा ऑपरेशन झालं, पण केस पुन्हा वळले. आता परत हात लावायला डॉक्टर धजत नाहीत. चंद्रपूरला ते म्हणाले, "केस दिसला की उपटायचा. चिमटा मात्र चांगला घ्या. अर्धा तुटलेला केस जास्त टोचतो."

दर वेळी चंद्रपूर कसं गाठणार? ते काम माझ्याकडे आलं.

*

गोंडपिपरीला रफीकभाईंचं मनिहारीचं, म्हणजे बांगड्या-टिकल्यांचं, दुकान आहे. तिथे मी एकेक चिमटा उजेडाकडे धरून पाहत होतो. टोकं मिटल्यावर मधून उजेड दिसला, की तो बाजूला. मिटायला जोर लागला, तरी बाजूला, कारण जोर लावला की हात हलतो. उरलेल्यांनी मनगटावरचा केस ओढून पाहायचा. सटकला, की तोही बाजूला.

"चाचा," रफीकभाई म्हणाले, "चिमटा घेऊन राह्यले का सून पाहून राह्यले?"

गिऱ्हाईकं हसली. मी डोळ्याचं सांगितलं, तसं रफीकभाईंनी आतून दुसरा डबा काढला, बाही वर सारली आणि स्वतःचा हात माझ्यापुढे धरला.

"घ्या, तुमच्या हातावरचे तर संपले!"

*

वापरायच्या आधी चिमटा पाण्यात उकळायचा. काम झालं की धुऊन, फडक्यानं कोरडा करून टोकांवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवायचा, म्हणजे टोकं शाबूत राहतात.

एकदा तो उकळत ठेवून मी विहिरीवर गेलो. तेवढ्यात गडचांदूरहून मेहुणी आली. पातेल्यात पाणी उकळतंय हे पाहून तिनं त्यात पत्ती-साखर टाकली. गाळायला गेली, तर गाळणीत चिमटा!

"आमच्या इथी अद्रक टाकते वो, बाई!" ती कमलला म्हणाली.

कमल खूप हसली. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. त्यातलं हसण्याचं किती आणि केसाचं किती, ते मला कळलं नाही.

*

शेजारचे यादवभाऊ मोहफुलं वेचून आले, ते टाचेत काटा घेऊनच. मी घरी नव्हतो. कमलनं त्यांना चिमटा दिला. भाऊंनी त्यानं टाच खणून काढली. संध्याकाळी चिमटा घेऊन माझ्या दारात उभे.

"काटा निघाला गा, पण याचं तोंड थोडकसं वाकडं झालं. माह्यंबी वाकडंच हाये, मले कोणी फेकलं का?"

दुसऱ्या दिवशी त्या चिमट्यानं ओढलेला केस मधेच तुटला. त्याचा खुंट बुबुळाला टोचत राहिला. डोळा लालभडक झाला. यादवभाऊ आले तेव्हा कमल चहा ठेवत होती.

"काय झालं वो बाई डोळ्याले?"

"धूर गेला, भाऊ," ती म्हणाली, आणि कप त्यांच्या हातात दिला.

आमच्याकडे चहा गॅसवर होतो!

*

आमचा मुलगा संजू सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्यानं लाइटवाला चिमटा आणला.

"बाबा, आता तुम्ही आराम करा. मी काढतो मायचे केस."

लाइट लावला, आईची पापणी उचलली, चिमटा जवळ नेला. आणि थांबला. मग चिमटा खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेलो.

"माह्याच्यानं नाई होत, बाबा. मायचा एकच डोळा राह्यला."

तो चिमटा वाईट नाही. वीज गेली की आम्ही त्याच्या उजेडात जेवतो.

*

यंदा माझा हात थरथरायला लागला. गोळ्या चालू आहेत. हात थरथरत असला की चिमटा कितीही चांगला असो, डोळ्याजवळ नेताना तो सुईच वाटतो.

परवा सकाळी अंगणात कमल माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. केस दिसत होता. मी चिमटा नेला, हात थरथरला, मागे घेतला. डाव्या हाताचा आधार देऊन पुन्हा नेला. पुन्हा मागे. तिचा तो एकच डोळा उघडा होता आणि माझ्या हाताकडे पाहत होता.

"आज राहू दे का वो?" मी म्हटलं.

"काऊन? करा ना जी. कोणाले घाई हाये?"

मी परत चिमटा नेला. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"निघाला जी!" ती म्हणाली. "आता कसं मोकळं वाटते. ठेवा तो चिमटा."

चिमटा अजून तिच्या पापणीला लागलाच नव्हता.