तापलेली बादली

धुळ्यात मे महिन्यातली भर दुपार होती. घरीच टेबल करायचं म्हणून, कडुनिंबाच्या फळीच्या भेगेत ओतायला मी बादलीभर रेझिन आणि ते घट्ट करणारं रसायन एकदम कालवलं. फळी पोचवायला आलेला सोनगीरच्या वखारीतला म्हातारा दारात उभा होता. बघता बघता बादलीतून धूर निघायला लागला. मी घाईने ती फळीवर तिरपी केली.

"थांब!" म्हणत त्याने उघड्या हातांनी बादली हिसकावली आणि अंगणातल्या मातीत ठेवली. तिथे ती वितळून वाकडी झाली.

"सगळं फुकट गेलं ना, आबा!" मी चिडलो.

मनगटाने फळी पुसत तो म्हणाला, "हाई झाड पन्नास वरीस उभं व्हतं, भाऊ. तू सकाळपर्यंत थांब. मंग थोडं थोडं कालव."

जाताना त्याने पाणी मागितलं. मी तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही. लालभडक तळहात पसरून म्हणाला, "आता ओत."