मार्चमध्ये संपवलेली घाणेरी

"मुळ्या नाय काढल्या तर नुसतं कापून काय फायदा, सायेब?" जानकीबाय बांधावरून विचारत होती. उत्तर मला ठाऊक होतं, पण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

मी बोईसरच्या एका कारखान्याच्या, सामाजिक कामं बघणाऱ्या सीएसआर विभागात फील्ड ऑफिसर आहे. पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्याचा गवताचा माळ घाणेरीनं भरला होता. घाणेरी म्हणजे रंगीत फुलांचं, उग्र वासाचं परदेशी झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्याच्याखाली गवतही धड येत नाही. जानकीबायचे दोन बैल याच माळावर जगत होते. गवत गेलं की बैल गेले, असं ती पहिल्याच बैठकीत म्हणाली होती.

ही झुडपं पावसाळ्यात, जमीन मऊ झाल्यावर, बुंध्याखाली कुदळ घालून मुळासकट काढायची असतात. खणायला अख्खा पाडा तयार होता. तसा प्रस्ताव मी दिला. मॅनेजर म्हणाले, "बजेट मार्चमध्ये संपवायचंय. आधीचे आणि नंतरचे फोटो द्या, बास."

मग झुडपं वरच्यावर कापणारे ब्रश कटर आणले. चार दिवसांत माळ बोडका झाला. कापलेल्या फांद्या वाळक्या फळांसकट रचून माळाभोवती वई केली, म्हणजे कुंपण. ही अक्कल माझीच. वर मॅनेजरनी शाबासकी दिली. जानकीबायनं मुळांचं विचारलं ते तेव्हाच. मी म्हटलं, पुढच्या टप्प्यात काढू. पुढचा टप्पा कुणी मंजूर केलेलाच नव्हता. काम पूर्ण झाल्याच्या रिपोर्टवर मी सही ठोकली.

पावसात एकेका बुंध्याला सात-आठ फुटवे आले. वईखाली फळांतून रोपं उगवली. गणपतीच्या सुमारास गेलो तर माळात शिरायला वाट नव्हती. जानकीबायचा गोठा रिकामा होता. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "इकले. आमी खणणार होतो. तुमी बोललात पुढं काढू, म्हणून थांबलो."

ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. तिथूनच मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, ती फाइल कधीच क्लोज झाली."

त्या मार्चचा 'नंतर'चा फोटो आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये लावला आहे. मोकळा माळ, कडेला जानकीबाय, तिच्या मागे दोन्ही बैल. पाहुणे कौतुक करतात, मी मान हलवतो. घाणेरीच्या कामाची पाहणी मार्चमध्ये करू नये. पावसाळा सरल्यावर करावी, आणि सही करणाऱ्यानं स्वतः चालत जाऊन करावी.