दीपकाडीसाठी जुलैपर्यंत थांबलेल्या मालतीताई

मालतीताई सामंत यांच्याशी माझी पहिली भेट दिल्लीच्या करोल बागेत झाली. आम्ही लातूर-नांदेडची मुले तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होतो आणि केंद्र सरकारात वनस्पतितज्ज्ञ असलेल्या ताई रविवारी गाझियाबादहून येऊन आम्हांला विनामूल्य शिकवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी उघड्याबोडक्या कातळाचा फोटो दाखवला. "काय दिसतंय?"

"काहीच नाही, मॅडम."

"बरोब्बर! दिल्लीलाही हेच दिसतं," म्हणत त्या खळखळून हसल्या.

तो कोकण किनाऱ्यावरचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे पठार होते. तिथल्या दीपकाडी या दुर्मीळ रानफुलाचा कंद आठ-दहा महिने मातीत झोपून असतो. पावसाळ्यात थोडेच दिवस तिची पांढरी फुले उभी राहतात. चिऱ्यांच्या खाणी, आंबाबागांसाठी लावलेले सुरुंग, रस्ते यांनी कातळावरची ती चिमूटभर माती गेली, की फूल कायमचे गेले.

मी परीक्षेत नापास झालो तेव्हा ताईंनी घरी बोलावून कुळथाचे पिठले वाढले. "अच्छा, रडून झालं? मग जेव. कंद दिसत नाही म्हणून मेला असं होत नाही." त्या घासाने मला दिल्लीत टिकवले. पुढे मी त्यांच्याच कार्यालयात रुजू झालो.

त्याच सड्यावर खाणीचा प्रस्ताव आला आणि सरकारी समितीची पाहणी मे महिन्यात ठरली. मे महिन्यात तिथे गेलेला कोणीही 'ओसाड' असाच शेरा मारणार! ताई अडून बसल्या.

"सर, मई में नहीं, जुलाई में चलेंगे."

"मॅडम, अब फूल का मुहूर्त देखेंगे क्या?" समितीप्रमुख वैतागले.

"बिलकुल! शादी का देखते हैं ना?"

अखेर जुलैत गेलो. सडा पांढऱ्या फुलांनी डोलत होता आणि साहेब एक पाय उचलून तसेच उभे! "मॅडम, पैर कहाँ रखूँ?" त्यांचा तो प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. खाणीला परवानगी मिळाली नाही.

शेजारच्या सड्याचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे. पंचाहत्तरीतही ताईंनी गुडघ्याची शस्त्रक्रिया फुलांचा हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलली आहे, आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत. पंचाहत्तरीच्या सत्काराचे विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "शाल नको रे. यंदा पाहणीच्या वेळी सड्यावर माणसं हवीत."

ताई, आपणांस उदंड आणि ठणठणीत आयुष्य लाभो. आमची सगळ्यांची जुलैची तिकिटे काढून झाली आहेत.