आधी इंग्रजांना निघू दे

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिल्याची बातमी छापून आली, त्या दिवशी संध्याकाळी माझ्या वडिलांनी त्यांच्या थोरल्या भावाला सांगितले, "नाना, मला वेगळं निघायचंय."

नाना ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ते नेहमी मोठ्याने वाचत. मनातल्या मनात वाचलेली बातमी त्यांना खरी वाटत नसे. त्यांनी बाबांकडे पाहिले, मग हातातल्या पानाकडे. म्हणाले, "हे बी निघून राहिले बघ. बापू, असं करू. आधी इंग्रजांना निघू दे. त्यांच्याकडं वकील चांगले असतेत. ते कसं निघतेत ते बघू, मग तसंच आपण."

बाबांना वाटले, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. ते हो म्हणाले. आमच्या अर्धापुरात इतकी लांबलेली वाटणी दुसरी झाली नसेल.

बाबांच्या तक्रारी जुन्या होत्या. नाना आमची केळी एकाच व्यापाऱ्याला देत, कारण तो आजोबांच्या तेराव्याला आला होता. नानांचे निलंग्याचे मेहुणे आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आले होते आणि त्यांनी आमच्या अंगणात लावलेल्या पेरूला आता पेरू धरत होते. घरात जीप एकच, आणि ती नांदेडला नेताना नाना वाटेत भेटेल त्याला बसवून घेत, त्याच्या दारापर्यंत सोडत आणि तिथे चहाही घेत. बाबांची बाजाराची वेळ टळून जाई.

नानांनी युरोपचा सगळा अभ्यास या तक्रारींवर बेतला. "तिकडं बी हेच हाय," ते म्हणत. "माल, माणसं आन् येणं-जाणं. बाकी नुसती भाषणं." मी नांदेडला महाविद्यालयात शिकवतो. शनिवारी घरी गेलो, की चप्पल काढायच्या आत प्रश्न येई.

"काय रे मास्तर, त्या इंग्रजाच्या घरी पोलंडचे लोक येऊन राहिलेत म्हणं?"

"हो नाना, कामासाठी येतात."

"मग आपल्या मेहुण्यासारखे न्हाईत ते. कामं करतेत."

"दाजी, मला ऐकू येऊन राहिलं!" मेहुणे आतून ओरडले.

"ऐकू यावं म्हणूनच मोठ्यानं बोलून राहिलो मी."

तिकडे लंडनला पुन्हा पुन्हा मुदत वाढवून मिळत होती. ती बातमी नाना दोनदा वाचत, दुसऱ्यांदा बाबांकडे तोंड करून. "मुदतवाढ, बापू! म्हंजे आपल्याला बी." बाबा जेवत असले तर पानावरून उठत नसत, पण पुढे भाजी मागत नसत.

एकदा बाबांनी मधला मार्ग काढला. वाटणी नंतर, निदान व्यापारी तरी आत्ता वेगळा. त्यांच्या बाजूची केळी न्यायला मुदखेडहून टेम्पो आला. तिकडे जाणारी गाडीवाट मात्र नानांच्या बाजूने जाते. नाना बांधावर बाज टाकून बसले होते आणि टेम्पो आत गेल्यावर वाटेवर त्यांनी बैलाचा कासरा आडवा बांधला होता.

भरलेला टेम्पो परत आला तसा नानांनी हात वर केला. "कागद?"

"कशाचे कागद, मालक?" ड्रायव्हर गोंधळला.

"तुमचा माल आमच्या हद्दीतून चाललाय. तपासणी होणार."

त्यांनी एका घडाचे केळ तोडले, सोलले आणि चावा घेतला. विकायची केळी हिरवी, कच्चीच कापतात, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? पण अधिकाऱ्याला माघार घेता येईना. ते तुरट केळ ते गंभीरपणे चावत राहिले.

बाबा तरातरा आले. "नाना, थुका ते."

नानांनी मान हलवली. मोठ्या कष्टाने गिळून म्हणाले, "तपासणी चालू हाय."

बाबा बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. डोळे पुसून म्हणाले, "तरी बी मी निघणारच."

"निघ की. कुणी धरलंय?" नाना म्हणाले आणि उठून त्यांनी कासरा सोडला.

शेवटी इंग्रज निघाले. नानांनी ती बातमी अगदी सावकाश वाचली. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. शेवटच्या ओळीवर नाना थांबले. "मात्र वर्षअखेरपर्यंत संक्रमणकाळ राहील." त्यांचा चेहरा खुलला. "संक्रमण म्हंजे संक्रांत. यंदाची तर होऊन गेली. आता पुढची येईस्तोवर काई करता येत न्हाई."

मी म्हणालो, "नाना, संक्रमण म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं."

"मग सूर्य काय येगळं करतो?"

बाबा म्हणाले, "ठीक हाय. संक्रांत. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई."

"शब्द दिला," नाना म्हणाले.

त्या वर्षी पोळा झाला आणि नानांना दम लागू लागला. एका सकाळी त्यांना बसवेनासे झाले, तेव्हा बाबांनी जीप काढली. मागे नानांचे डोके माझ्या मांडीवर होते.

"बापू," नाना म्हणाले.

"बोलू नका, नाना."

"इतकी वर्सं तू निघतो निघतो म्हणून राहिलास. आन् निघालो मी."

बाबांनी वळून पाहिले नाही. "संक्रांत व्हायचीय अजून," ते म्हणाले. "शब्द दिलाय तुम्ही."

नाना दवाखान्यातून परतले नाहीत.

संक्रांतीला तिळगूळ देताना मेहुण्यांनी भीत भीत विचारले, "बापू, वाटणीचं कसं करायचं?"

"कोणासंगं करू?" बाबा म्हणाले.

शेत एकत्रच आहे. सातबाऱ्यावर वर नानांचे नाव आहे, खाली बाबांचे. नानांचे नाव कमी करायला बाबा अजून तलाठ्याकडे गेलेले नाहीत.