जड जिभेचा मोशे

वर्ध्यातल्या कोण्याही माणसाची नक्कल मी उभ्याउभ्या करून दाखवतो. आमच्या हेडसरांचं खाकरणं, पवनारच्या बसमधला कंडक्टर, मयतीतही मोबाइलवर ओरडणारा माहा मामा, सारे माह्या गळ्यात मुक्कामाले असतात. पण अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस असा निघाला की जो माह्या हाती लागला नाई. तो म्हणजे आमच्या माडीवर लेक अन् नातीसंग भाड्यानं राह्यणारे आबा. आबा बोलताना अडखळत. तुम्ही म्हणाल, हे त सोपं. अजिबात नाई. ते कुठी अडखळतील हे त्यायलेही ठाऊक नसे. काल 'चहा'वर अडकलेले आबा आज 'अभियांत्रिकी महाविद्यालय' एका दमात म्हणत अन् 'मीठ'वर जाऊन बसत.

आबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. नोकरीभर त्यायनं तोंड कमी अन् खडू जास्त चालवला. कोणी त्यायचा शब्द मधातच पुरा केला की तो मान्य करून टाकायचा, ही त्यायची जुनी खोड. किराण्याच्या दुकानात ते 'का... का...' करत. दुकानदार घाईत. 'कापूर ना मास्तर?' आबा मान हलवत. पाह्यजे असत कांदे. असं करता करता त्या ख्रिस्ती घरात एवढा कापूर जमला की मोहल्ल्यातल्या गणपतीची आरती आबाच्या भरवशावर होऊ लागली. एकदा कटिंगच्या दुकानात 'मि... मिशी...' एवढंच झालं. 'काढू ना?' झाली मान हलवून. म्हणायचं होतं, मिशी राहू दे. घरी आले त आमचं कुत्रं त्यायले जिन्यावर चढू देईना.

बाकी वेळ आबा मिसर देशात, म्हणजे बायबलातल्या इजिप्तात असत. इस्राएल लोक तिथं गुलाम होते अन् देवानं मोशेच्या हातून त्यायले सोडवून आणलं, ही गोष्ट आबाच्या लेखी काल-परवा सेलू तालुक्यात घडली होती. तिचीच चित्रं काढत. त्यात फारो राजाचे रथ म्हणजे आपल्या बैलबंड्या, तांबड्या समुद्राच्या गाळात रुतलेल्या, अन् आतला फारो हुबेहूब किराणा दुकानदार. लाईन गेली की म्हणत, 'अं... अंधाराची पीडा,' देवानं फारोवर धाडली होती ती. रातची पोळी सकाळी खात नसत. देवानं रानात रोज आभाळातून मान्ना नावाचं खाणं दिलं, अन् लोकायनं ते उद्यासाठी ठेवलं त त्यात किडे पडले, म्हणून.

पण खरा जीव मोशेवर. 'त्याचीबी जीभ ज... जड होती. देव म्हणे, फारोकडं जाय. हा म्हणे, मले बोलता नाई येत.' मंग त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीनं बोले. मी एकदा छेडलं, 'आबा, देवानं लोकायले वाट द्याले अख्खा समुद्र फाडला, मंग मोशेची जीभ काऊन नाई नीट केली? ते त बारकं काम होतं.'

आबानं तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. 'थांब, पो... पोट्ट्या. इचार करतो.'

तो इचार चालूच होता, अन् दिवाळीनंतर त्यायची नात अडखळू लागली. दुसरीतली पोरगी. वर्गात पोरं हसली, तशी तिनं बोलणंच सोडलं. हजेरीले नुसता हात वर करे. घरी पाटीवर लिहून भूक लागली सांगे. तिची माय, म्हणजे आबाची लेक, एक दिवस जिन्यात माह्या आईले म्हणे, 'आबा जन्मभर गप राह्यले, आता ही.' आबा वर दारातच उभे होते.

त्यायच्या चर्चमध्ये कोणीतरी उभं राहून साक्ष देते, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगते. आबाची पाळी आली की हमखास आबाची दाढ दुखे. यंदा ते आपल्या पायानं पाळकसाहेबाले, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूले, हो म्हणून आले, अन् तिथून सरळ माह्याकडं.

'तू माहा अ... अहरोन. मी उभा राह्यतो, तू बोलजो. नातीले दिसलं पाह्यजे, आबा उभा राह्यला.'

'आबा, मी त गणपतीच्या आरतीत झांजा वाजवणारा!'

'आवाज सा... साफ हाये ना?'

रविवारी आम्ही दोघं समोर उभे. नात पहिल्या बाकावर, मायले चिकटून. मी पाळकसाहेबाचाच भारदस्त आवाज लावला. 'प्रिय बंधुभगिनींनो, ज्या वेळी इस्राएल लोक...' पाळकसाहेब दचकून आपलंच तोंड चाचपू लागले. लोक खूश. नातही तोंड उघडं टाकून पाहून राह्यली होती. पण माह्याकडं. आबाकडं तिनं एकदाबी पाह्यलं नाई. हे आबाले दिसलं. त्यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला.

'ब... बस, अहरोन.'

अन् आबा बोलले. 'देवानं मो... मोशेची जीभ काऊन नाई सोडवली, असं या पोट्ट्यानं इचारलं. मले वाटते, देवानं जीभ तशीच ठेवली, पण त्याचं भ... भ...'

पंखा फिरत राह्यला. कोणी खोकललं. एका काकूले राहवलं नाई, 'भविष्य?'

आबानं मान हलवली. पण आडवी. मी त्यायले नाई म्हणताना पहिल्यांदाच पाह्यलं.

'भ... भेव. भेव सोडवलं. माहं मिसर तेच होतं. लोक देत तो शब्द मी घेत गेलो. आज मा... माहा शब्द मी शोधतो. तुमाले टाइम लागन.'

लई टाइम लागला. कोणी उठलं नाई.

बाहेर चर्चच्या अंगणात नातीनं आबाचा शर्ट ओढला. 'आबा, समुद्र फा... फाटला, मंग मा... मा...' काकूचं तोंड उघडलं, पाळकसाहेबानं नुसतं पाह्यलं, तसं मिटलं. सारं अंगण उभं. '...मासे कुठी गेले?'

आबानं पाळकसाहेबाकडं पाह्यलं, पाळकसाहेबानं माह्याकडं.

उन्हाळ्यात लेकीची बदली नागपूरले झाली अन् माडी रिकामी झाली. परवा आबाच्या नंबरवरून फोन आला. उचलला त 'अ...' एवढंच, मंग काहीच नाई. आई म्हणे, 'रेंज गेली असन, ठेव.' मी नाई ठेवला. पलीकडं आबा होते का नात, हे अजून कळत नव्हतं. मी फोन कानाले लावून पायरीवर बसलो.